पंख मोकळा?

विमानदुरुस्तीच्या हँगरमध्ये त्याला सगळे ‘पायलट’ म्हणत. विमानाने प्रवास केला तो उभ्या आयुष्यात एकदा, आणि त्यातही समोरच्या खिशातली कागदी पिशवी भरली, मग शेजाऱ्याचीही भरली. पण दुरुस्तीला आलेल्या विमानाच्या पुढच्या खुर्चीत बसून बटणं दाबायची, दांडे ओढायचे, हे काम वीस वर्षं त्याच्याकडेच होतं. म्हणून पायलट. बायकोही त्याच हँगरमध्ये, पंखावरची मेकॅनिक. तिला सगळे वहिनी म्हणत, तिच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेलेसुद्धा.

तर या दोघांत नऊ दिवस अबोला चालला होता.

आणि साधासुधा नव्हे हो, विस्तव जात नव्हता दोघांत. घरचा सगळा कारभार लेकीमार्फत. “आईला सांग, माझे मोजे सापडत नाहीत.” “बाबांना सांग, डोळे उघडून बघा.” लेक चौदा वर्षांची. तिसऱ्या दिवशी ती कावली, “मी काय पोस्टमन आहे का तुमची?” असं म्हणून खोलीत गेली आणि धाडकन दार लावून घेतलं. झालं, मधला दुवाही तुटला. मग पायलट हवेशी बोलायला लागला. भिंतीकडे बघून विचारायचं, “चहा टाकतोय, कुणाला हवाय का?” उत्तर नाही आलं की हवाय असं धरायचं, दोन कप करायचे. “खिडकी लावू का?” गप्प. लावली. “आज बसने जायचं का?” गप्प. बसने गेले, एकाच बाकावर, दोन तोंडं दोन दिशांना. मौन म्हणजे संमती, असं आपण म्हणतोच. पायलटचं सगळं त्यावर सुरळीत चाललं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याला ते थोडं सोयीचंही वाटायला लागलं होतं.

भांडण कशावरून? तपासनिसाच्या परीक्षेवरून. तपासनीस म्हणजे ज्याच्या सहीशिवाय विमान हँगरच्या दाराबाहेर पडत नाही तो माणूस. त्या परीक्षेला इथून दोन नावं पाठवायची होती. फोरमनने हात धुता धुता पायलटला विचारलं, “वहिनींचं नाव घालतोय, चालेल ना?” या फोरमनचा आवाज असा की तो कानात सांगतो ते पलीकडच्या भिंतीला ऐकू जातं, म्हणून त्याला सगळे भोंगा म्हणतात. पायलट घरी गेला आणि जेवताना बायकोला म्हणाला, “एवढा अभ्यास, वर पाळ्यांची ओढाताण. तुला कशाला हवी ती कटकट?” ती भाजी वाढत होती. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी याने भोंग्याला सांगून टाकलं, “नको म्हणते ती.”

आता तो म्हणेल की बायकोच्या काळजीपोटी केलं. काळजी होतीही, नाही असं नाही. पण ती पास झाली असती तर याच्या कामावर तिची सही लागली असती, आणि ते याच्या घशाखाली उतरत नव्हतं. फळ्यावर यादी लागली, तिने वाचली, घरी येऊन विचारलं.

“मी नको कधी म्हटलं?”

“हो तरी कुठे म्हणालीस?”

“विचार करत होते मी!”

हे तिचं शेवटचं वाक्य. त्यानंतर अळीमिळी गुपचिळी.

दहाव्या दिवशी दुपारी भोंग्याने दोघांना एकाच कामाला जुंपलं. दोन माणसं तापाने घरी बसलेली, विमान संध्याकाळी द्यायचं, आणि काम होतं स्पॉयलरचं. त्या कामात या जोडीइतका हात दुसऱ्या कुणाचा बसलेला नव्हता. “घरचं घरी ठेवा,” भोंगा म्हणाला. अख्ख्या हँगरने ऐकलं आणि माना खाली घालून हसू दाबलं.

खिडकीशी बसून विमानाने खाली उतरला असाल तर स्पॉयलर तुम्ही पाहिलेत. पंखाच्या पाठीवर, मागच्या अंगाला, लांबट झडपा असतात त्या. पंखाचं काम विमान उचलून धरायचं. स्पॉयलरचं काम पंखाचं ते काम बिघडवायचं. चाकं जमिनीला टेकतात तेव्हा वेग इतका असतो की पंख अजून विमानाला सोडायला तयार नसतो. वजन पुरतं चाकांवर येत नाही, आणि वजन नाही तर ब्रेक धरणार कशाला? त्या क्षणी या सगळ्या झडपा खाडकन उभ्या राहतात, पंखावरून वाहणारा वारा विस्कटतो आणि विमान एकदाचं आपल्या चाकांवर बसतं. हवेत त्याच झडपा थोड्या उचलल्या की विमान वेग न वाढवता खाली उतरतं. एकाच बाजूच्या उचलल्या की त्या अंगाला कलतं. पायलट आपल्या लेकीला सांगायचा, उडायचं कसं हे पंखाला ठाऊक असतं ग, थांबायचं कसं हे स्पॉयलर शिकवतो.

ही झडप हलवतो तो तिच्याखालचा दट्ट्या, तेलाच्या दाबाने. तेवढ्या वाऱ्याला छातीवर घेऊन उभं राहायचं म्हणजे जोर तसाच हवा. हँगरमध्ये वारा नसतो, जोर मात्र तेवढाच असतो. नवीन माणूस आला की भोंगा उघड्या झडपेखाली झाडूचा दांडा सरकवतो आणि पायलटला झडप पाडायला सांगतो. दांड्याचे दोन तुकडे होतात. आवाजसुद्धा फारसा येत नाही. त्यानंतर त्या माणसाला वेगळं काही शिकवावं लागत नाही.

म्हणून दोन नियम. पहिला असा की खुर्चीतल्याला पंख दिसत नाही, तो पार पाठीमागे, त्यामुळे त्याला फक्त कानाचा आधार. दांडा हलवण्याआधी त्याने हेडफोनमधून विचारायचं, “खाली घेतोय, पंख मोकळा?” पंखावरच्याने हात, पाय, फडकं, हत्यार सगळं झडपांपासून लांब घ्यायचं आणि म्हणायचं, “पंख मोकळा.” दोन्ही शब्द. नुसतं हं चालत नाही. उत्तर नाही तर हालचाल नाही. दुसरा नियम असा की उघड्या झडपेखाली हात घालायचाच असेल तर आधी तिच्या दट्ट्यावर लाल लॉक चढवायचं. मग खुर्चीतून कुणी काही केलं तरी झडप पडत नाही.

डाव्या पंखावरच्या तिसऱ्या झडपेचा दट्ट्या गळत होता, तो नवा बसवला होता. आता सगळ्या झडपा दहा वेळा वर, दहा वेळा खाली करून बघायच्या होत्या. वहिनी कमरेला दोर बांधून पंखावर चढली. पायलट खुर्चीत बसला, तेलाचा पंप सुरू केला आणि कानाला हेडफोन लावला.

“वर घेतोय, पंख मोकळा?”

“पंख मोकळा.”

आवाज असा, जणू आत्ताच फ्रीजमधून काढलाय. पण होता तिचाच! नऊ दिवसांनी थेट त्याच्या कानात. याला आतून जरा गुदगुल्याच झाल्या. चला, सरकारी का होईना, बोलतेय तरी. वर, खाली. “बसल्या?” “बसल्या.” पुन्हा वर, पुन्हा खाली. असं सहा वेळा झालं. सातव्यांदा झडपा वर गेल्या तेव्हा तो एवढा सैलावला होता की त्याला चेष्टा सुचली.

“कुणाचा तरी डबा आज घरीच राहिलाय म्हणे.”

गप्प.

“माझ्यातलं अर्धं देईन म्हणतो. कुणी राग सोडणार असेल तर.”

गप्प. काही नाही. त्याला वाटलं, बघा, आपण एवढी चार पावलं पुढे येतोय आणि बाईंचा तोरा काही उतरत नाही. मग नको तर नको. त्याने घसा खाकरला आणि कामाच्या आवाजात विचारलं, “खाली घेतोय, पंख मोकळा?”

गप्प.

आणि त्याच्या हाताने दांडा पुढे ढकलला.

त्याने ढकलला असं म्हणवत नाही, इतकं ते सहज झालं. चहाचा दुसरा कप भरावा, खिडकी लावावी, तसं. पाठीमागून धप्प असा आवाज विमानाच्या अंगातून खुर्चीपर्यंत आला.

“बसल्या?”

उत्तर नाही.

“बसल्या का ग?”

कानात नुसती खरखर. तेव्हा कुठे त्याला उमगलं की आधीच्या प्रश्नालाही उत्तर आलं नव्हतं. त्याने पडद्याकडे पाहिलं. समोरच्या पडद्यावर दोन्ही पंखांचं छोटं चित्र असतं, झडप उभी असली की तिथे खूण दिसते, बसली की आडवी रेघ. उजवीकडे सगळ्या रेघा. डावीकडे पहिली रेघ, दुसरी रेघ. तिसरीच्या जागी पिवळी खूण होती.

तिसरी झडप पुरती बसली नव्हती. मध्ये काहीतरी होतं.

त्याची पाचावर धारण बसली. दांड्यावरचा हात तिथेच चिकटून राहिला. डोळ्यांपुढे झाडूचा दांडा आला. नको नको म्हणताना तिचे हात आले, डाव्या अंगठ्यावर जुना डाग असलेले, सकाळी त्याच्याकडे न बघता बसचं तिकीट काढणारे. “अगं बोल ना,” तो म्हणाला. “ऐकतेस का? बोल.”

खरखर.

आता काय करायचं? पंप बंद केला तर बंद झडप बंदच राहते, दाबून धरलेलं सुटत नाही. सोडवायचं तर दांडा मागे ओढायला हवा, पण मग दोन्ही पंखांवरच्या सगळ्या झडपा एका झटक्यात उभ्या राहणार. ती कुठे आहे? दुसऱ्या झडपेवर आडवी पडली असेल तर? हात तिसरीत आणि अंग दुसरीवर असं असेल तर? उठून बघायला जावं, तर दाब चालू असताना खुर्ची सोडायची नाही. त्याने बाजूची खिडकी सरकवून डोकं बाहेर काढलं. दिसलं ते फक्त पंखाचं टोक. “अहो फोरमन! कुणीतरी पंखावर बघा!” तो बेंबीच्या देठापासून ओरडला. खाली कुणीतरी पत्र्याला भोकं पाडत होतं. त्या ड्रिलच्या कर्कश आवाजात त्याचं ओरडणं त्यालाच ऐकू आलं नाही. एवढे लोक होते हँगरमध्ये, पण एकानेही मान वर केली नाही.

तो पुन्हा हेडफोनवर वाकला. विचारल्याशिवाय दांडा हलवायचा नाही हे आता त्याला समजत होतं, आणि विचारायचं कुणाला?

“अगं, रागावली असशील तर राग. खूप राग. पण एवढं एक सांग की तू रागावलीयस. शिव्या दे. चुकलं माझं. ती यादी… मला भीती वाटली ग. तू सही करणार, मी खाली बसणार, लोक हसतील असं वाटलं. तुला काय हवंय ते मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच परत विचारलं नाही. ऐकतेस ना? मी दांडा धरून बसलोय. तू सांगितल्याशिवाय हलवत नाही. तू फक्त हूं कर. नुसतं हूं चालेल.”

वीस वर्षं नियम घोकलेला माणूस, आणि आता म्हणत होता नुसतं हूं चालेल. पिवळी खूण तिथेच होती. किती वेळ गेला ते त्याला नंतरही सांगता आलं नाही. लेकीला काय सांगायचं, हा विचार त्याच्या मनात आला तेव्हा त्याने डोळे गच्च मिटून घेतले.

मग खरखर बदलली. काहीतरी घासल्याचा आवाज आला, आणि श्वास.

“वर घ्या.”

“तू… तू कुठे आहेस? पंख…”

“तिसरीच्या पुढे बसलेय, झडपांच्या बाहेर. पंख मोकळा. वर घ्या म्हणतेय ना!”

त्याने दांडा ओढला. खूण उभी राहिली, दोन्हीकडे, सगळीकडे सारखी. तो खुर्चीत मागे कोसळला आणि त्याला चक्क हुंदका आला.

पाच-सात मिनिटांनी ती दारातून आत आली. उजवा हात पोटाशी धरलेला. तिचा कामाचा अंगरखा पुरुषी मापाचा, बाह्या नेहमीच लांब पडत, ती त्या दुमडून घ्यायची. उजव्या बाहीचं टोक चिंधडून गेलं होतं आणि दोन बोटांची कातडी सोलली होती. पण बोटं होती. पाचही होती. त्याने मोजली.

“हात ओढला, बाही अडकली,” ती म्हणाली. “फडकंही आतच. हेडफोन उडून पडला, पायाने ओढून घ्यावा लागला.” ती बाजूच्या खुर्चीत बसली. चेहरा पांढराफटक. त्याने हात पुढे केला, मग मागे घेतला.

“मला वाटलं तू…” तो तिच्या बोटांकडे बघत म्हणाला. “तू ऐकलं नव्हतंस का? मी विचारलं ते?”

“ऐकलं होतं.”

“मग?”

“दट्ट्यावर तेलाचा एक थेंब दिसला, तो पुसत होते. एका थेंबाला कुठे लॉक चढवायचं म्हणून तसाच हात घातला. तुम्ही विचारलंत. मुद्दाम नाही बोलले. म्हटलं, विचारू दे दोनदा. तिसऱ्यांदा विचारू दे. उत्तर आलं नाही तर तुम्ही हलवणार नाही, एवढं मला ठाऊक होतं.” ती समोरच्या काचेतून बघत राहिली. “घरी मी गप्प राहिले की तुम्ही आपल्या मनाचं करता. मला वाटलं, इथे तरी नाही करणार.”

तो खाली मान घालून बसला.

तेवढ्यात भोंगा धापा टाकत आला. कुणीतरी पंखावर रक्त पाहून त्याला गाठलं होतं. त्याने वहिनीचा हात उलटसुलट करून बघितला, “वाचलात हो, वाचलात,” असं दोनदा म्हणाला आणि काखेतून फॉर्म काढला. दुखापत झाली की तासाभरात फॉर्म जायला हवा. त्यात तिसरा प्रश्न असा होता. हालचालीपूर्वी पंखावरून उत्तर मिळाले होते का? पुढे दोन चौकोन, हो आणि नाही.

भोंग्याने दार ओढून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा तो हळू बोलला.

“हे बघ पायलट, उत्तर न घेता हलवलं असं गेलं तर तुझी ही खुर्ची गेली. परवाना पण जाईल, या वयात कोण देतंय परत? त्यापेक्षा असं लिहू. वहिनी मोकळा म्हणाल्या, आणि मग थेंब दिसला म्हणून हात घातला. लॉक नव्हतंच ना लावलेलं? मग झालं तर. त्यांची पहिलीच चूक, समज देऊन सोडतील. दोन-तीन वर्षं बढतीबिढती मिळणार नाही, एवढंच. घरातल्या घरात आहे, काय वहिनी?”

वहिनी फाटक्या बाहीचा दोरा डाव्या हाताने बोटाला गुंडाळत राहिली.

“बघ,” भोंगा म्हणाला आणि पेन पायलटच्या हातात दिलं. “त्यांची ना नाहीये. कर ‘हो’वर खूण.”

पायलटने पेन घेतलं. खूण करणं किती सोपं होतं! ती गप्प होती, काहीच म्हणत नव्हती, आणि वीस वर्षांची खुर्ची बुडाखाली अजून गरम होती. पंपाची घरघर चालू होती. त्याने फॉर्म मांडीवर ठेवला.

“थांबा, ती अजून काही म्हणालेली नाही,” तो भोंग्याला म्हणाला आणि तिच्याकडे वळला. “तू मोकळा म्हणाली होतीस?”

तिने बोटावरचा दोरा सोडवला. भोंग्याने घड्याळ पाहिलं, तोंड उघडलं, पायलटने हाताने त्याला थांबवलं. ती काय म्हणेल याची त्याला खरंच भीती वाटत होती. रागाने हो म्हणाली तर स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेईल. नाही म्हणाली तर आपलं संपलं. मिनिट गेलं असेल, जास्तही असेल. भोंगा दाराला टेकला. पायलट वाट बघत राहिला.

“नव्हते म्हणाले,” ती शेवटी म्हणाली. “आणि लॉक लावलं नव्हतं, तेही लिहा.”

त्याने ‘नाही’वर खूण केली, लॉकचंही लिहिलं, खाली सही केली, पंप बंद केला आणि खुर्चीतून उठला.